पहिल्या झोक्याची बोली

हार्वेस्टर शिवारात उतरला की आमच्या गावात तीन-चार दिवस कुणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही. गव्हाचा भुसा दारातून येतो, खिडकीतून येतो, आणि दोन्ही लावून घेतलं तरी चहाच्या कपात तरंगताना दिसतो. यंदाही आला. सकाळपासून मी शिंकतेय आणि त्या मशीनवाल्याला मनातल्या मनात शिव्या देतेय. गोदावरीचं पाणी उतरून मधला वाळूचा पट्टा उघडा पडलाय. शाळेमागच्या लिंबाला फुलोरा आलाय. पुणतांब्याच्या बाजारात दुकानांच्या दारांवर साखरेच्या गाठी लटकायला लागल्यात, पांढऱ्या, गुलाबी, आणि एक तो भलताच केशरी रंग, जो माझ्या लहानपणी नव्हता. फाल्गुन म्हटलं की लोकांना होळी आठवते, पुरणपोळी आठवते. मला लिलाव आठवतो. चार वर्षं झाली, तरी भुशाचा पहिला वास नाकात शिरला की माझा उजवा हात आपोआप वर जायला बघतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीची शेवटची एकवीस वर्षं याच गावात गेली आणि पुढं राहिलोही इथंच. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, ‘बाई’ म्हणतात. ज्यांना मी अंगठे धरून उभं केलं ते आता बाप झालेत, तरी मी रस्त्यानं येताना दिसले की तोंडातला तंबाखू थुंकून टाकतात. आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते. घरात आम्ही दोघंच. मूल झालं नाही. हे एका वाक्यात सांगते, कारण त्यावर दुसरं वाक्य मी आजवर कुणाला बोलू दिलेलं नाही.

आणि गावाला एक पाळणा आहे. सागवानी, दोन बाजूंना दोन चौकटी, वर आडवी दांडी, मध्ये साखळ्यांना टांगलेली लाकडी पेटी, आणि चार कोपऱ्यांवर चार पोपट. त्यातल्या तीन पोपटांचा हिरवा रंग जाऊन लाकूड दिसायला लागलंय. चौथा नंतर कधीतरी गावातल्याच सुतारानं बसवलेला, त्याची चोच जरा जास्तच मोठी झालीय. रामनवमीला दुपारी बारा वाजता देव या पाळण्यात. उरलेलं वर्षभर गावातली पोरं. ज्याच्या घरी बारसं असेल त्यानं पाळणा न्यायचा, काम झालं की तेलाचा हात फिरवून परत आणून द्यायचा. कसली नोंद नाही, कसली पावती नाही. ‘सध्या कुणाकडं आहे?’ असं पारावर विचारलं की चारजण एकदम उत्तर देत. त्या लाकडाला वेखंडाचा, धुरीचा, गोडेतेलाचा आणि तान्ह्या पोरांचा असा एक मिळून वास होता. मी तो लांबून घ्यायचे. रामजन्माला सगळ्या बायका दोरीला हात लावायला पुढं सरकायच्या आणि मी देवळातल्या मागच्या खांबाला टेकून उभी राहायचे. मला कुणी अडवलं होतं असं नाही. मीच उभी राहायचे. दोरीला हात लावताना एखादीनं नजर दुसरीकडं वळवली असती तर ते मला बघायचं नव्हतं.

पाळणा सुटा करून, गोणपाटात बांधून, देशपांडे काकांच्या माळ्यावर असायचा. रामाच्या देवळाची पूजा त्यांच्याकडं, घर आमच्या भिंतीला भिंत लागून. काका गेले, काकू त्यांच्या आधीच गेलेल्या. मुलगा विनय पुण्यात. घराची किल्ली माझ्याकडं. त्या वर्षी माघात विनयचा फोन आला. म्हणाला, “बाई, घराचा व्यवहार झालाय. जुनं सामान एक माणूस घेऊन जाईल, तेवढं कुलूप उघडून द्याल का?”

टेम्पो आला तेव्हा मी ओसरीत पाचवीचे सराव पेपर तपासत बसले होते. अठ्ठेचाळीस पोरांचे. कुलूप काढून दिलं आणि परत येऊन पेपरांना भिडले. भिंतीपलीकडून सामान सरकवल्याचे आवाज येत होते, मी डोकं वर केलं नाही. तासाभरानं तो माणूस एक कागद घेऊन आला. “ताई, सामान उचललं म्हणून सही.” मी हातातल्या लाल पेनानंच सही केली. वाचली नाही. आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असं तेहतीस वर्षं पोरांच्या डोक्यात हातोड्यानं ठोकलं, आणि स्वतः काय केलं, तर टेम्पोत काय चढतंय तेसुद्धा पाहिलं नाही.

होळी झाल्यावर सोपान आण्णा आले. आण्णांचं वय तेव्हा सत्तरीचं. दीड एकर कांदा, देवळाची दिवाबत्ती, आणि आवाज असा की देवळातून बोलले तर नदीच्या पलीकडच्या म्हशी कान टवकारतील. दर वर्षी पाडव्याआधी पाळणा उतरवायचा, पुसायचा, तेल लावायचं, हे काम त्यांचं. मी किल्ली दिली. ते गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मग दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी घाबरले.

“बाई, माळ्यावर काय न्हाई.”

मला कुणी बोललं नाही, हे सगळ्यात वाईट झालं. कुणी भांडायला आलं असतं तर मी तोडीस तोड उत्तर दिलं असतं, मला ते छान जमतं. पण लोक यायचे, ओट्यावर बसायचे, “हुतं आसं कदी कदी” म्हणायचे आणि पाणी पिऊन जायचे. गावात तेव्हा दोन बायका दिवस भरत आलेल्या होत्या, दोघी माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्या रस्त्यात भेटल्या की मुकाट नमस्कार करायच्या. चार रात्री मी जेवले नाही नीट. पाचव्या दिवशी सकाळी उठले, ह्यांना म्हटलं, “पाळणा आणायचा. रामनवमीच्या आत आणायचा. कसा ते मला माहीत नाही, पण आणायचा.” हे म्हणाले, “बरं.” आमच्या ह्यांचं हे ‘बरं’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं तासाभराचं भाषण.

विनयला फोन केला. बिचारा रडवेला झाला. माळ्यावर काय होतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं त्या माणसाचा नंबर दिला. तो माणूस गोड बोलणारा. म्हणाला, “ताई, तो पीस तर लिलावाला लागला. यादी छापून झाली, फोटोही गेलेत. गावाचा आहे म्हणता, तर कागद दाखवा.” कागद कुठला? पाळण्याला का कुणी सात-बारा काढतं? पोलिसांत जायचं म्हणत होते काही जण. मी म्हटलं, जा, पण तारखा पडत राहतील आणि रामनवमी निघून जाईल. माझी सही आहे त्या कागदावर. लिलाव पाडव्याआधीच्या रविवारी आहे. आपण जायचं आणि बोली लावायची.

आता इथं आमच्या गावचा लिलाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पाडव्याला संध्याकाळी देवळापुढं लिलाव होतो. देवाला वाहिलेला नारळ, गव्हाची पहिली पेंढी, आणि शेवटी मोठा मान म्हणजे पहिला झोका. ज्याची बोली वर राहील त्यानं रामजन्माला पाळण्याची दोरी पहिल्यांदा ओढायची. पैसे पुढच्या उत्सवापर्यंत दिले तरी चालतात. या लिलावाची एक रीत आहे. पहिल्याच बोलीत काही सोडायचं नाही. कुणी शंभर म्हटलं आणि सगळे गप्प बसले, तर ती त्या माणसाची नाचक्की. त्याच्या मानाला कुणी किंमत दिली नाही असा त्याचा अर्थ. म्हणून मग शेजारी वाढवतो, व्याही वाढवतो, सख्खा भाऊसुद्धा वाढवतो. दोघं-तिघं वाढवतात आणि मग हसत हसत हात जोडून बाजूला होतात. ज्याला हवं त्याला मिळतंच, पण वाजतगाजत मिळतं. या वाढवण्यात आण्णा पट्टीचे. स्वतः आयुष्यात कधी एक नारळ घेतला नसेल, पण गावातल्या प्रत्येकाचा मान त्यांनी दोन-दोन बोलींनी वर चढवलेला.

गावानं वर्गणी काढली, चाळीस हजार जमले. भानुदासच्या जीपमधून आम्ही नऊ जण नगरला निघालो. भानुदास माझा विद्यार्थी, सातच्या पाढ्याला कायम अडखळायचा, जीप मात्र उत्तम चालवतो. वाटेत राहुरीला चहा घेताना मी सगळ्यांना उभं करून बजावलं, “आत गेल्यावर हात फक्त माझा वर जाईल. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. कळलं?” सगळे एका सुरात “व्हय बाई” म्हणाले. वर्गातही असंच म्हणायचे.

तो हॉल मला अजून दिसतो. लग्नाचंच कार्यालय, पण एसी लावलेलं आणि फुलांऐवजी सामान मांडलेलं. बिलोरी हंड्या, संगमरवरी टेबलं, लांब हाताच्या आरामखुर्च्या, कर्ण्याचा ग्रामोफोन, आरसे. ते सगळं आम्ही बघत गेलो आणि पुढं पुढं आमचीच ओळखीची मंडळी भेटायला लागली. तांब्याचा बंब. पितळी घंगाळं. धान्य मोजायच्या पायल्या. एक पाटा-वरवंटा, त्याला गळ्यात चिठ्ठी, ‘शोभेची शिळा’. भानुदास चिठ्ठी वाचून म्हणाला, “बाई, आमच्या आयनं ह्या शोभंवर चाळीस वर्सं मसाला वाटलाय.” आम्ही हसलो. मी हसले खरी, पण त्या बंबाकडं पाहून मला कसंसंच झालं. कुणाच्या तरी मागच्या दारी तो रोज पहाटे पेटत असणार. इथं त्याला इतकं घासलं होतं की आत कधी पाणी तापलं असेल असं वाटेना.

तेव्हापासून मी या ‘अँटिक’ शब्दाचा विचार करते. वस्तू जुनी कधी होते? आमचा पाळणा गावात होता तोवर तो जुना नव्हता. कुणाला त्याचं वयच ठाऊक नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात एक नवं पोर यायचं आणि तो पुन्हा त्या पोराच्या वयाचा व्हायचा. हात फिरायचा थांबला, गोणपाटातून काढून चिठ्ठी लावली, तेव्हा तो जुना झाला. त्या हॉलमध्ये शहरातली माणसं वस्तूंना बोटाच्या पाठीनं हात लावत होती, तापलेल्या तव्याला लावावा तसा. आमची मंडळी पूर्ण पंजा ठेवून बघायची. दारावरचा मुलगा दोनदा येऊन ओरडून गेला.

पाळणा मधोमध मांडला होता. जोडून, पॉलिश करून. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कोरीव पाळणा, बहुधा संस्थानी, एक पोपट मूळचा नाही.’ आण्णा म्हणाले, “कोनतं संस्थान? आमच्या गावात पाटील बी धड नव्हता.” मी वाकून वास घेतला. नुसता पॉलिशचा वास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला. शेजारी एक बाई टेपनं पाळण्याची लांबी मोजत होत्या. पन्नाशीच्या, पुण्याच्या असाव्यात, कपडे झकास. बरोबरच्या माणसाला म्हणाल्या, “रिसेप्शनला ठेवता येईल. आत कुंड्या ठेवल्या की मस्त दिसेल.” तो माणूस म्हणाला, “मॅडम, एक पोपट नंतरचा आहे, ओरिजिनल नाही.” त्यांनी नाक मुरडलं, “मग राहू दे,” म्हणाल्या आणि आरशांकडं गेल्या. त्या मोठ्या चोचीच्या पोपटाला मी तिथल्या तिथं हात जोडले.

दारावर आधार कार्ड दाखवलं की नंबराची पाटी मिळत होती. आमच्या नऊही जणांनी घेतल्या. फुकट मिळतेय म्हटल्यावर सोडतात का? मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

लिलाववाला तरुण, कोट घातलेला, बोलायला अगदी अदबशीर. एकेक वस्तू जात होती. आमच्या लिलावातला गोंधळ नाही, ढोलकी नाही, कुणी कुणाची थट्टा करत नाही. पाटी वर, पाटी खाली, संपलं. पाळण्याचा नंबर आला. त्यानं पंधरा हजारांपासून सुरुवात केली. माझा हात इतक्या जोरात वर गेला की खांद्यात कळ आली.

पुण्याच्या बाई मोबाइलमध्ये. कुणाचीच पाटी हलेना. लिलाववाल्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाला, “पंधरा हजार, एक वार.” “पंधरा हजार, दोन वार.” चाळीस हजार आणले होते, पंधरात काम होत होतं. उरलेल्या पैशांत उत्सवाचा मांडवसुद्धा झाला असता. मी ह्यांच्याकडं पाहिलं, हे चक्क हसत होते.

आणि मागून, नदीपलीकडं जाणाऱ्या त्या आवाजात, “ईस हज्जार!”

मी वळून पाहिलं. आण्णा उभे. पाटी उलटी धरलेली. चेहरा असा प्रसन्न, जणू देवळापुढं बसलेत. मी डोळे वटारले. ते माझ्याकडं बघून हसले आणि मान डोलावली. तेवढ्यात भानुदास उठला, “एकईस!” आणि कोपऱ्यातून आमच्यातलाच आणखी एक, “बावीस!” आमचीच नऊ माणसं, आमच्याच वर्गणीचे पैसे, आणि आम्हीच आमच्यावर बोली चढवत होतो. मी दात खाऊन “पंचवीस” म्हटलं. तेव्हा कुठं ते सगळे हात जोडून, समाधानानं खाली बसले.

पण तोवर पुण्याच्या बाईंनी मोबाइल खाली ठेवला होता. चार खेडूत माणसं एका पाळण्यासाठी अशी इरेला पेटतात, म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या जागी मला तरी दुसरं काय वाटलं असतं? त्यांनी बरोबरच्या माणसाला काहीतरी विचारलं आणि पाटी वर केली. “तीस.”

पुढचं फार वेळ चाललं नसेल, मला मात्र ते तासभर वाटलं. त्या वाढवायच्या, मी वाढवायचे. पस्तीस. अडतीस. चाळीसला माझी पाटी वर होती, आणि त्या हसून म्हणाल्या, “पंचेचाळीस.” गावाचे पैसे संपले. लिलाववाला माझ्याकडं बघत थांबला. मी ह्यांच्याकडं वळले. सत्तावीस वर्षं एस.टी.त काढलेला माणूस, सगळ्या गोष्टी त्यांना तिकिटातच कळतात. हळूच म्हणाले, “बसलीयस ना गाडीत? मग शेवटच्या स्टॉपला उतर.”

मी उभी राहिले आणि “सत्तेचाळीस” म्हटलं. मग त्यांचा आकडा पुरा होऊ द्यायचाच नाही असं मी ठरवलं. त्यांच्या तोंडातून ‘पन्ना’ निघालं की माझं ‘पंचावन्न’ तयार. त्यांनी साठ म्हटलं, मी लिलाववाल्यानं मान वळवायच्या आत पासष्ट म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढं फक्त त्या कुंड्या होत्या. आमच्या पाळण्यात मनीप्लांट! माझ्या हयातीत तरी नाही. सत्तरच्या पुढं एकदा त्या थांबल्या, माझ्याकडं नीट पाहिलं. तेहतीस वर्षं पोरांना नजरेनं बसवलेली बाई आहे मी, मीही नीट पाहिलं. त्यांनी पाटी मांडीवर ठेवली.

बाहेर पडताना त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “एवढं काय आहे हो त्या पाळण्यात?” मी म्हटलं, “पोरं असतात.” त्यांना ते समजलं की नाही ते ठाऊक नाही. पण माणूस वाईट नव्हतं ते. जाताना त्यांनी पूर्ण पंजा पाळण्याच्या दांडीवर ठेवला होता.

वरचे पैसे मी तिथंच मोबाइलवरून माझी ठेव मोडून भरले. गाव म्हणत होतं पुन्हा वर्गणी काढू. मी म्हटलं, सही माझी, दंड माझा, विषय संपला. पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी आण्णांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं तेवढं सांगते. म्हटलं, “आण्णा, तुमच्या जिभेला हाड नाही हे माहीत होतं, डोक्यात काही नाही हे आज कळलं. पंधरात सुटत होता! कोण सांगतं तुम्हाला मध्ये बोंबलायला?” वयानं मोठा माणूस, सगळ्यांसमोर. आण्णा पाळण्याची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, खड्डा आला की दोन्ही हातांनी आवळून धरायचे. राहुरीचा पूल गेला, बाहेर उसाच्या ट्रॉल्या, शेतांत गव्हाची मशीनं, उघड्या खिडकीतून भुसा आत. सगळ्यांच्या डोक्यांवर तो पांढरा थर. कुणी झटकला नाही.

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी देवळापुढं लिलाव झाला, नारळ गेला, पेंढी गेली आणि लोक उठले. पहिल्या झोक्याची बोली कुणी पुकारलीच नाही. मला वाटलं, लोकांचे खिसे रिकामे झालेत, यंदा राहू दिलं असेल. मी काही विचारलं नाही. आण्णांशी मी तोवर बोलतच नव्हते. ते रोज देवळात पाळण्याला तेलाचा हात देत बसलेले दिसायचे, त्या पॉलिशवर चिंध्या घासून घासून. मी मान वळवून पुढं जायचे. आता आठवलं की वाईट वाटतं, पण तेव्हा राग खराच होता. तो मूर्खपणा होता आणि आजही मी त्याला मूर्खपणाच म्हणते.

रामनवमीला देऊळ भरून गेलं. ऊन असं की फरशी पायाला चटके देत होती. बुवांचं कीर्तन शेवटाला आलेलं, सुंठवड्याचा वास सुटलेला, मोगऱ्याच्या माळा उकाड्यानं मलूल. मी माझ्या खांबाला. पाळणा समोर, चारही पोपटांच्या गळ्यात झेंडूची फुलं. मला तेवढं दिसलं तरी पुरेसं होतं. आणलाय, वेळेत आणलाय, आता ज्यांचा आहे त्यांनी हलवावा.

बाराला काही मिनिटं उरली. काकांच्या मागं पूजा बघणाऱ्या गुरवानं देव पाळण्यात ठेवले. आण्णांनी दोरी हातात घेतली, आणि ओढली नाही. ते मागं बघत होते.

“बाई, या.”

मला वाटलं, मागं दुसरं कुणी असेल. “मी कशाला?” मी म्हटलं.

“पयला झोका तुमचा.”

“यंदा बोली कुठं झाली?”

“आता घ्या! नगरला काय झालं मग?” आण्णा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. “औंदाचा लिलाव तितंच झाला की. बोली लागली, तिगं वाढले, भायेरची बाय बी वाढली. तुमी सोडली न्हाई. आजून लिलाव कशाला म्हंत्यात?”

“आण्णा, तो लिलाव नव्हता. तो धंदा होता.”

“त्येंचा आसंल धंदा.” त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. “पंदरात सुटला आसता तर तुमी निस्ता इकत घेतला आसता, बाई. बिनबोलीच्या वस्तूला मान नसतो. एकईस वर्सं त्या खांबाला हुब्या ऱ्हाता. म्या काय आंधळा हाय?”

जीपमधलं सगळं बोलणं आठवलं आणि तोंडावर चपराक बसावी तसं झालं. त्या हॉलमध्ये उलटी पाटी धरून हसणारा हा माणूस काय करत होता ते मला तेव्हा कळलं. माझी ठेव गेली होती, ती काही परत येणार नव्हती, आणि हे असलं काही कुणी शहाण्या माणसानं केलं नसतं. पण माझ्या मानासाठी आजवर कुणी एक रुपयासुद्धा वर चढवला नव्हता. बायका बाजूला सरल्या, मध्ये वाट झाली. मी एकेकीची नजर बघत गेले. एकीनंही वळवली नाही. दिवस भरलेली माझी विद्यार्थिनी भिंतीशी बसली होती, तिनं पोटावरचा हात काढून माझा पदर सारखा केला.

दोरी हातात आली. रेशमी असेल असं मला वाटायचं, निघाली सुताचीच, तेलानं ओशट झालेली. बारा वाजले, घंटा झाली, गुलाल उडाला, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. मी ओढली. किती ओढायची याचा काही अंदाज नव्हता, आयुष्यात कधी ओढली नव्हती. सगळा जोर लावला. पाळणा असा उसळला की साखळ्या खणखणल्या, झेंडूची फुलं गळून खाली पडली आणि गुरव दोन्ही हात पसरून पुढं धावला.

“बाई, हळू! हळू! आत देव हाय, पडंल!”

“नाही पडत,” मी म्हटलं. “मी धरलाय.”